वय, काम, पहिली मशीन

शपथ घेऊन सांगते, खाली लिहिलेला शब्दन्शब्द खरा आहे. एक काना इकडचा तिकडं असेल तर माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटात पाल शिरो आणि एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर बसून अंडी घालो. नातवंडं म्हणतात आजी थापा मारते. मारते की. विहिरीत मगर होती ही थाप होती. तुमच्या आजोबांनी वाघाला काठीनं हाकललं ही पण थाप, ते कुत्रं होतं आणि हाकललं मी. पण ही गोष्ट तसली नव्हे. ही सांगताना मला अजून राग येतो, आणि थाप मारताना माणसाला राग येत नाही, मजा येते. एवढ्यावरून ओळखा.

आधी रीतीप्रमाणं ओळख. आमच्या मंडळात नवा माणूस आला की त्यानं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. वय, काम, पहिली मशीन. जात, गाव, पगार कोणी विचारायचं नाही. फक्त खोटं सांगायचं नाही. खोटं पकडलं गेलं तर सगळ्या मंडळाला भडंग खायला घालायचं, तेही घरी केलेलं.

तर मी हेमलता मगदूम, राहणार इचलकरंजी. वय अडुसष्ट. काम, आधी टायपिंग इन्स्टिट्यूट, मग कॉम्प्युटर क्लास, आता लोकांना नावं ठेवणं. पहिली मशीन सत्त्याण्णव साली जोडली, सेकंडहँड फोर एट्टी सिक्स. भाग मिरजेहून एसटीनं आणले, मदरबोर्ड मांडीवर धरून, जसं काही तान्हं पोर. थोरली तेव्हा तिसरीत होती, तिनं टॉर्च धरला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा धूर आला. दुसऱ्यांदा आला नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते लग्नात पण वाटलं नव्हतं, ह्यांना सांगू नका, फोटोतून ऐकतील.

मंडळाचं नाव ढिला स्क्रू मंडळ. सगळे असेंबल्ड मशीनवाले. कोण कशाचा, कोण कशाचा, पण प्रत्येकाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर. मशीन सुरू झाली नाही की रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासायचे, परत दाबून बसवायची. निम्म्या वेळा तेवढ्यानंच चालते. हे विज्ञान आहे की भक्ती, आम्ही कधी विचारलं नाही.

आता दोन हजार चव्वेचाळीसमध्ये रॅम काढायला कॅबिनेटच उघडत नाही. सगळं चिकटवलेलं. स्क्रूच नाही, तर ढिला कुठला होणार. एक भाग बदलला की दुसरा म्हणतो, ही माझी बायको नव्हे, आणि मशीन बंद. आमच्या मंडळाचं काम म्हणजे महिन्यातून एकदा जमणं, जुन्या मशीन चालत्या ठेवणं आणि कंपन्यांना शिव्या देणं. जमायचं इरफान मोमीनच्या लूमच्या शेडमध्ये, रविवारी, माग बंद असताना.

इरफानची ओळख त्याच्या शब्दांत सांगते, कारण ती माझ्या जुन्या फोनमध्ये अजून आहे. "इरफान मोमीन. वय बेचाळीस. काम जॉबर, म्हंजे मागाचा डॉक्टर. पहिली मशीन दोन हजार एक, सेलेरॉन, वहिनीच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. वहिनीनं अजून माफ केलेलं नाही." आणि मग त्याचं ते हसू, आधी घशात खाकरल्यासारखं, मग एकदम मोकळं. हे ऑपरेशनच्या आधीचं. नंतर घशाला कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढलं. श्वास गळ्यातल्या भोकातून, त्यामुळं नाकाला वास येईना, आणि ते हसू गेलं.

म्हणजे गेलं असं आम्हाला वाटलं. तेव्हा नुकती ती डबी आली होती. चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठी, शर्टाच्या खिशात राहते. गळ्याला पातळ पट्टी चिकटवायची. माणूस आवाज न काढता बोलायला गेला तरी गळ्याचे आणि हनुवटीखालचे स्नायू हलतात, त्यातून बारीक वीज जाते. पट्टी ती वाचते, डबी तिचे शब्द करते आणि बोलते. आवाज कसा, तर जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला. इरफानचं रेकॉर्डिंग कुठं होतं? आमच्याकडं. सगळ्यांनी आपापले फोन धुंडाळले. वय, काम, पहिली मशीन. कोणत्या ग्राफिक कार्डावरून तो कोणाशी भांडला होता. त्यातून त्याचा आवाज झाला.

पण आवाजाचा सूर मिळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. सुरुवातीला तो "चहा" म्हणायला जायचा आणि डबी "सासू" म्हणायची. कुठली स्नायूची थरथर म्हणजे कुठला शब्द, हे डबी रोज त्याच्याबरोबर राहून शिकत गेली. वर्षं लागली. ते खाकरणं कुठं येतं हेही शिकली. लेकीशी बोलताना तो हळू होतो हेही शिकली.

त्याची लेक निलोफर. सत्तावीस वर्षांची, गुरांची डॉक्टर, पहिली मशीन नऊ वर्षांची असताना बापाबरोबर. डिसेंबरात तिचा निकाह ठरला होता, मिरजेच्या मुलाशी. आणि निकाहाच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी डबी म्हणाली, इरफानच्या नाही, कंपनीच्या बाईच्या आवाजात म्हणाली: या उपकरणाची आयुर्मर्यादा संपली आहे.

मग गप्प.

सर्व्हिस सेंटरला मीच गेले इरफानबरोबर. तिथं एक पोरगी होती, नखं छान रंगवलेली. तिनं डबी यंत्रावर ठेवली, पडद्यावर बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, तिचं वय झालंय."

मी म्हटलं, बिघडलंय काय? ती म्हणाली, बिघडलं काहीच नाही. मग? मग वय झालंय. नवीन डबी घ्या. यातला आवाज त्यात टाका, मी म्हटलं. तर नाही येत. आणि का येत नाही ते तिला सांगता आलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते.

चिप म्हणजे भाकरी समजा. एकाच पिठाच्या, एकाच हातच्या, एकाच तव्यावरच्या भाकरी करा, प्रत्येकीवरचे डाग वेगळे पडतात. कारखान्यात चिपांचं तसंच. नकाशा एक, पण प्रत्येकीत अणूएवढा फरक राहतोच. त्या डागांवरून कंपनी कुलपाची किल्ली बनवते. इरफानचा शिकलेला आवाज त्या किल्लीनं बंद. दुसऱ्या डबीत नेला तर नुसती खरखर. चोरी होऊ नये म्हणून, म्हणे. स्वतःचा आवाज कोण चोरतंय, बापाला विचारा.

आणि वय कसं मोजतात? चिपमध्ये कोट्यवधी बारीक बटणं असतात. वापरून वापरून ती सुस्त होतात, आपल्यासारखीच. कंपनीनं आत एक चक्री ठेवलेली असते. पहिल्या बटणानं दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, शेवटच्यानं परत पहिल्याला. ठरल्या वेळात फेऱ्या किती होतात ते बघून गुण द्यायचे. महिन्यातून एकदा परीक्षा, बटण मालकानंच दाबायचं. साठच्या खाली गेली की नापास, डबी बंद. परत परीक्षा देता येते, पण तीनदा नापास झाली की किल्ली पुसून टाकायची, सुरक्षेसाठी. कोणाच्या सुरक्षेसाठी ते लिहिलेलं नव्हतं.

इरफानची डबी सत्तावन्न गुणांवर नापास झाली होती. आदल्या संध्याकाळपर्यंत हीच डबी मंडपवाल्याशी भांडत होती, आणि जिंकत होती. सत्तावन्नवाली भांडायला चालते, पण आयुष्याला चालत नाही.

निलोफरनं ऐकून घेतलं. तिच्यात रडण्याची पद्धत नाही. त्यांच्यात निकाहाआधी मुलीच्या बाजूचा वकील, म्हणजे घरातलाच कोणी वडीलधारा, तिच्यापाशी येऊन विचारतो की बाई, तुला हे मंजूर आहे का. ते इरफान विचारणार होता. लोक म्हणाले, चुलत्याला विचारू दे. कोणी म्हणालं, नवीन डबी घ्या, तिच्यात तयार आवाज असतो. तयार आवाज आम्ही ऐकला होता, बँकेचा मेसेज वाचून दाखवणाऱ्या माणसासारखा.

निलोफर म्हणाली, "अब्बांनी अब्बांच्या आवाजात विचारलं तरच मी कबूल म्हणणार. त्या बँकेवाल्यानं विचारलं तर मी म्हणेन ओटीपी देत नाही, आणि उठून गोठ्यात जाईन."

इरफाननं मान खाली घातली. त्याचे ओठ हलले, गळा हलला. डबी गप्प. माणूस बोलतोय आणि आवाज नाही, हे मी आधीही बघितलं होतं, ऑपरेशननंतर. पण तेव्हा रोगानं केलं होतं. रोगावर माणूस चिडून काय करणार. ह्या वेळी कोणीतरी खुर्चीत बसून ठरवलं होतं. मला असा राग आला की कानशिलं तापली.

रविवारी मंडळ भरलं. बाबू कोरे होता, विमा एजंट, वय अठ्ठावन्न, पहिली मशीन दोन हजार सहा, आणि त्यानं ओळखीत खोटं सांगून एकदा भडंग खायला घातलेलं आहे, पेंटियमला ड्युअल कोअर म्हणाला होता. डबी उघडता येत नव्हती, राळ ओतून बंद केलेली. खोडरबर घेऊन सगळे बसलेले आणि घासायला जागाच नाही.

बाबू म्हणाला, चक्री फिरवायचीय ना जोरात? मग थंड करा. आमच्यातल्या कोणीही हेच म्हटलं असतं. मशीनला पळवायचं तर गार ठेवायचं, हे आमचं गायत्री मंत्रासारखं. मी क्लासात पोरांना हेच शिकवलं. पंखे लावले, उन्हाळ्यात कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन सोडला, एका पठ्ठ्यानं तर ओला टॉवेल गुंडाळला होता, त्याची मशीन आणि टॉवेल दोन्ही गेलं. उष्णता म्हणजे मशीनचा मृत्यू. बाबूला साखर आहे, त्याच्या इन्सुलिनच्या पिशवीत बर्फासारखा गार जेलचा पॅक होता. डबी प्लास्टिकमध्ये बांधली, त्या पॅकवर ठेवली, चांगली गारठू दिली. इरफाननं स्वतः परीक्षेचं बटण दाबलं.

एक्कावन्न.

शेडमध्ये कोणी बोललं नाही. सत्तावन्नवरून एक्कावन्न. आणि दुसरी संधी गेली. बाबूचा चेहरा असा झाला की मी त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. गार केल्यावर सुस्त झाली. आमचा आयुष्यभराचा देव उलटा बसला होता.

इरफान उठला, भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "जाऊ दे आक्का. चाचाला विचारू दे." आणि निलोफरकडं न बघता खडू ठेवला.

आता खरं सांगते, मी हुशार आहे म्हणून काही सुचलं नाही. सुचलं ते गुडघ्यांमुळं. शेडमध्ये गारठा होता, माग बंद, पत्रा गार. मी उठायला गेले तर गुडघा आखडला. हात टेकून उभी राहिले आणि सवयीनं म्हटलं, आई गं, दुपारी बरे असतात मेले, सकाळीच दुखतात. आणि म्हटलं आणि थांबले.

इरफानला विचारलं, "तू परीक्षा एरवी कुठं घेतोस डबीची?"

त्यानं खालच्या जमिनीकडं बोट दाखवलं. इथंच. कधी? त्यानं लिहिलं, "दुपारी, माग चालू असताना." माग चालू असताना या शेडमध्ये काय उकाडा असतो ते इचलकरंजीत सांगायला नको. मे महिन्यात किती गुण होते? आठवून त्यानं लिहिलं, "सहासष्ट." आणि ह्या वेळी? लग्नाच्या गडबडीत घरी, सकाळी, अंगणात. दाढी करता करता.

बाबूनं डोक्याला हात लावला. त्याला कुठंतरी वाचलेलं आठवलं, आणि ते असं. आमच्या काळातल्या चिपांना भरपूर व्होल्टेज मिळायचं. पोटभर खाल्लेला माणूस तापला की सुस्तावतो, तसं. म्हणून पंखे. पण या डबीची बॅटरी दिवसभर पुरायला हवी, म्हणून तिच्या चिपला अगदी जेमतेम व्होल्टेज देतात. उपाशीच ठेवतात म्हणा. उपाशी बटणाला दाबलं जायलाच कष्ट पडतात, आणि थोडी ऊब मिळाली की ते हलकं होतं. थंडीत उलट आखडतं. म्हणजे आम्ही उपाशी म्हातारीला बर्फावर बसवून पळायला सांगत होतो.

"तिला शेक द्यायचा," मी म्हटलं.

बाबू घाबरला. म्हणाला, आक्का, एकच संधी उरलीय, आणि तुम्ही मशीन तापवायला सांगताय. जन्मात कोणी केलं नाही. मी म्हटलं, जन्मात आपण ज्या मशीन हाताळल्या त्यांची पोटं भरलेली होती. ही वेगळी आहे. आणि गंमत म्हणजे हे कंपनीला माहीत असणार. चिप बनवणाऱ्याला तिचा स्वभाव माहीत नसेल होय? परीक्षा कुठं, कशा हवेत घेतली यावर गुण हलतात हे माहीत असून कागदावर एकच आकडा लिहायचा, साठ, आणि वर म्हणायचं वय झालं.

शेवटी ठरवायचं निलोफरनं नाही, इरफाननं होतं. आवाज त्याचा. त्यानं आमच्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, मग खिशातून डबी काढून माझ्या हातात दिली. जसा मी एसटीत मदरबोर्ड धरला होता तशी मी ती धरली.

घरी माझ्या गॅसवर जाड मीठ भाजलं, सुती फडक्यात बांधलं. बाळंतिणीला देतात तसा शेक. बाबूनं थर्मामीटर आणला होता पण मी कोपर लावून बघितलं, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याला लावतात तसं. भाजेल इतकं नको, बॅटरी फुगेल. नुसतं बरं वाटेल इतकं. डबी फडक्यात गुंडाळून त्या पुरचुंडीखाली ठेवली आणि वर माझी शाल. बाबू शेजारी बसून पुटपुटत होता. निलोफर गाईची नाडी बघतात तशी मधून मधून हात आत घालून ऊब बघत होती. ती म्हणाली, आता. इरफाननं बटण दाबलं.

एकसष्ट.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फडक्याच्या आतून, शालीच्या आतून, आधी एक खाकरणं आलं. मग आवाज आला, "आक्का, मिठाचा वास येतोय मला. म्हंजे मला नाही, पण येत असणार."

निलोफर उठून परसात गेली. मी तिच्याकडं बघितलं नाही, आणि तिनं बघू दिलं नाही.

निकाहाला इरफान तिच्या समोर बसला, खिशात डबी, डबीभोवती गरम फडकं. त्यानं विचारलं. हळू विचारलं, जसा तो तिच्याशी हळू होतो. तिनं लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाली, "परत विचारा अब्बा." त्यानं परत विचारलं. तिनं तिसऱ्यांदा पण विचारायला लावलं, आणि मग कबूल म्हणाली. बायका म्हणाल्या, लाजतेय. लाजत बिजत नव्हती. ऐकत होती.

गोष्ट इथं संपली असती तर मी शांत झाले असते. पण शेकाची कृती मी गप्प ठेवणारी बाई आहे का? मंडळातून मंडळात गेली. गडहिंग्लजच्या एका गायकाची डबी, बार्शीच्या एका आजोबांचं कानातलं यंत्र, कुणाच्या आईची चालती खुर्ची, सगळ्यांचं वय झालेलं, सगळ्यांना थोडी ऊब हवी होती. लोकांनी शेक दिला आणि यंत्रं परत चालू झाली. त्या साठच्या आकड्याविरुद्ध मी तक्रार ठोकली, तेव्हा कंपनीनं आम्हाला तक्रार समितीपुढं पडद्यावर बोलावलं. मी आनंदानं गेले. चांगली साडी नेसून गेले.

समोर एक तरुण माणूस होता. मी सगळं मांडलं. भाकरी, चक्री, व्होल्टेज, सत्तावन्न, एक्कावन्न, एकसष्ट. तो नम्रपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आजी, तुमचं वय काय?"

मी सांगितलं.

त्यानं ते लिहून घेतलं, आणि त्यानंतर तो माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागला. एक-एक-शब्द-असा. आधी दहा मिनिटं माझं नीट ऐकलेला माणूस. मी तीच, आवाज तोच, मुद्दा तोच, मध्ये फक्त एक आकडा आला होता. नंतर त्यांचा निकाल आला. तक्रारदाराचं वय लक्षात घेता त्यांची निरीक्षणं ग्राह्य धरता येत नाहीत. पुढच्या आवृत्तीत परीक्षेच्या वेळी तापमान नोंदवलं जाईल, आणि ऊब दिलेली आढळली तर तेही नापास.

म्हणजे म्हाताऱ्यानं शेक घेतला तर कॉपी.

मंडळ कामाला लागलंय. तापमान नोंदवणारा तो तुकडा पण चिपच आहे, आणि चिपला स्वभाव असतो. यापुढचं सांगत नाही. इरफान रोज बोलतो. निलोफरनं डबीला जुन्या लुगड्याची एवढीशी गोधडी शिवलीय, कापूस घालून. थंडीत तो ती गोधडी घातलेली डबी खिशात ठेवून फिरतो आणि सगळ्यांना सांगतो, ही माझी बायको, हिला गारठा सोसत नाही. खरी बायको ऐकत असते.

आता राहिली एक गोष्ट.

मी सुरुवातीला शपथ घेतली, आणि ती पाळली. शेक खरा, गुण खरे, मीठ खरं, इरफानचं खाकरणं खरं, एक्कावन्न आल्यावरची ती शांतता तर मी अजून ऐकते. फक्त एक आकडा मी मारला. ज्यांनी हिशेब केला असेल त्यांना, थोरली तिसरीत होती म्हटलं तेव्हाच कळलं असेल. आज अडुसष्टची बाई सत्त्याण्णव साली एकवीस वर्षांची, तिला तिसरीतली पोर कुठून येणार. मला एकोणऐंशी पुरी झालीत.

खोटं का सांगितलं? तर त्या पडद्यावरच्या माणसानं शिकवलं म्हणून. पहिल्याच ओळीत एकोणऐंशी लिहिलं असतं तर तुम्हीही मोठ्यानं आणि सावकाश वाचलं असतं. म्हटलं असतं, म्हातारीला काय कळतंय, हिला काय आठवतंय. पान बंद केलं असतं, आणि त्याला तपासणी म्हटलं असतं. म्हणून मी माझ्या वयाला थोडा शेक दिला, आणि पास झाले. शेवटपर्यंत वाचलंत की नाही?

नियम तो नियम. भडंग माझ्याकडं लागलं. रविवारी शेडमध्ये या, तिखट जास्त घालणार आहे. आत शिरताना वय, काम, पहिली मशीन सांगायची, आणि पाल-बिल दिसली तर काही बोलायचं नाही.